मुलाचं दिव्यांग सर्टिफिकेट आणि सरकारी लाभ: ठाणे-नवी मुंबईतल्या पालकांचे नेहमीचे प्रश्न

थेरपी सेंटरबाहेरच्या बाकावर मुलांची वाट बघत बसलं की तेच प्रश्न दर महिन्याला नवीन आईबाबांकडून येतात, आणि व्हॉइस मेसेज करून करून माझा घसा बसतो, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतेय. मी ऐरोलीत राहते, मुलीला सेरेब्रल पाल्सी (सीपी, मेंदूला इजा झाल्यामुळे हालचालींवर ताबा नसणं) आहे आणि फिट्सही येतात. डॉक्टर नाही, वकील नाही, सीए तर अजिबातच नाही. जे लिहिलंय ते कायदा, नियम आणि खिडक्यांवर उभं राहून कळलेलं आहे.

माझ्या मुलाला मोठा आजार आहे, हॉस्पिटलची फाईल एवढी जाड झालीय. मग दिव्यांगांचे लाभ मिळणारच ना?

मिळतीलच असं नाही, आणि सगळ्यात जास्त पालक इथेच अडकतात. सरकारच्या हिशोबात आजार वेगळा आणि दिव्यांगत्व वेगळं. आजार किती गंभीर आहे, किती ऑपरेशन झाली, किती लाख गेले हे कोणी मोजत नाही. त्या आजारामुळे मुलाच्या शरीराचं किंवा मेंदूचं कोणतं काम किती अडतंय एवढंच मोजतात. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आहे, तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला, त्यात २१ प्रकार दिलेत (आधीच्या १९९५ च्या कायद्यात फक्त ७ होते). मुलांमध्ये नेहमी दिसणारे म्हणजे सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व, ऐकू न येणं किंवा कमी येणं, अंधत्व आणि कमी दृष्टी, हातापायाचं दिव्यांगत्व, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, वाचा-भाषेचं दिव्यांगत्व, लर्निंग डिसॅबिलिटी, आणि रक्ताचे तीन: थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल. एकापेक्षा जास्त असतील तर बहुदिव्यांग.

टाइप वन डायबिटीस, हृदयाला छिद्र, किडनीचा आजार, दमा, कॅन्सर ही नावं यादीत नाहीत. वाईट वाटतं पण आहे हे असं आहे. मात्र त्या आजारातून किंवा उपचारातून कायमचं काही राहिलं असेल, म्हणजे मेंदूतल्या गाठीच्या ऑपरेशननंतर एक बाजू कमजोर झाली, केमोच्या औषधाने ऐकू कमी यायला लागलं, तर त्या परिणामासाठी अर्ज करता येतो. अर्जात मूळ आजारावर जोर न देता, राहिलेल्या अडचणीवर द्यायचा.

फिट्स येतात, त्याचं सर्टिफिकेट मिळतं का?

एपिलेप्सी असं वेगळं नाव २१ मध्ये नाही. मज्जासंस्थेचे दीर्घकालीन आजार असा एक प्रकार आहे, पण नुसत्या फिट्सवर टक्केवारी लागणं अवघड जातं असंच मी आजूबाजूला बघितलंय. बहुतेक मुलांना फिट्सच्या जोडीला जे असतं, बोलणं उशिरा, चालणं उशिरा, शिकण्यात मागे, त्यावर मिळतं. त्यामुळे फक्त न्यूरोलॉजिस्टचा कागद पुरत नाही, डेव्हलपमेंटची टेस्टही हवी.

यादीत बसतच नसेल तर हात हलवत परत यायचं का?

नाही, रस्ता बदलायचा. उपचाराच्या खर्चासाठी दिव्यांग सर्टिफिकेट लागतच नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे आणि आता पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही ती लागू झालीय, तेव्हा "आमचं कार्ड पांढरं आहे" म्हणून घरी बसू नका. धर्मादाय हॉस्पिटल, म्हणजे ट्रस्टची मोठी खाजगी हॉस्पिटलं, यांना १० टक्के खाटा गरिबांसाठी मोफत आणि १० टक्के सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर मोफत, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर सवलत. हे रिसेप्शनवर विचारू नका, तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला गाठा.

दुर्मिळ आजार असेल, उदाहरणार्थ एसएमए किंवा गोशे, तर २०२१ च्या राष्ट्रीय धोरणात ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे आणि आपल्यासाठी जवळचं ठरवून दिलेलं केंद्र परळचं केईएम. अंगणवाडी आणि सरकारी शाळांमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम ० ते १८ वयाच्या मुलांना तपासायला येते, जन्मजात व्यंग आणि विकासातला उशीर तीच पुढे पाठवते. या टीमकडे लोक "इंजेक्शनवाले आले" म्हणून बघतात, पण हृदयाच्या छिद्रापासून तिरक्या पायापर्यंत बरीच ऑपरेशनं त्यांच्या चिठ्ठीवर होतात.

४० टक्के, ४० टक्के सगळे म्हणतात, ते नेमकं काय?

४० टक्क्यांपासून पुढे असेल तर कायद्याच्या भाषेत लक्षणीय दिव्यांगत्व, आणि जवळपास सगळे लाभ तिथूनच सुरू होतात. ३८ टक्के आले तर यूडीआयडी म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचं कार्ड मिळेल, पण त्या कार्डाने फारसं काही होत नाही. कार्डाचे रंगही त्यावरच: ४० च्या खाली पांढरं, ४० ते ७९ पिवळं, ८० आणि वर निळं. ८० चा आकडा का महत्त्वाचा ते टॅक्सच्या प्रश्नात येईल.

टक्के डॉक्टरांच्या मनावर नसतात, केंद्र सरकारच्या राजपत्रातल्या मार्गदर्शक सूचना आहेत, २०१८ च्या आणि नंतर २०२४ मध्ये सुधारलेल्या. बौद्धिक दिव्यांगत्वात मुलाची रोजच्या कामातली क्षमता मोजतात, म्हणजे जेवण, कपडे, बोलणं, लोकांत मिसळणं. २०१८ च्या तक्त्यात तो स्कोअर ५५ ते ६९ आला तर ५० टक्के, ३६ ते ५४ आला तर ७५ टक्के, आणि ७० ते ८४ म्हणजे बॉर्डरलाइन असेल तर २५ टक्केच. बॉर्डरलाइनवाल्यांची सगळ्यात जास्त कुचंबणा होते, शाळा म्हणते स्पेशल आहे आणि सरकार म्हणतं नॉर्मल आहे. ऑटिझमसाठी आयसा नावाची ४० मुद्द्यांची भारतीय चाचणी आहे.

दोन दिव्यांगत्वं असतील तर टक्क्यांची सरळ बेरीज होत नाही. मोठा आकडा घ्यायचा, ९० मधून तो वजा करायचा, जे उरलं त्याला लहान आकड्याने गुणून ९० ने भागायचं आणि ते मोठ्या आकड्यात मिळवायचं. म्हणजे ५० आणि ३० असेल तर ८० होत नाहीत, साधारण ६३ होतात. हे आधी माहीत असलं की आकडा बघून भांडण होत नाही.

मूल दीड वर्षाचं आहे, आत्ताच करावं की थांबावं?

आत्ताच सुरू करा, नंतर रिन्यू करायचं आहे हे मनात ठेवून. बौद्धिक विकासाच्या बाबतीत एक वर्ष पूर्ण झाल्यावर सर्टिफिकेट देता येतं, पण ५ वर्षांपर्यंत त्यावर ग्लोबल डेव्हलपमेंटल डिले (एकूणच विकासात उशीर) असं निदान येतं आणि ते तात्पुरतं असतं. पुढे ५, १० आणि १८ या वयांना पुन्हा तपासणी, १८ नंतरचं आयुष्यभर चालतं. तारीख उलटली की निरामय विमा (त्याबद्दल पुढे), पास, स्कॉलरशिप सगळं एकदम अडतं, म्हणून तारीख संपायच्या चार-पाच महिने आधीच फोनमध्ये रिमाइंडर लावून ठेवा.

जन्मतः ऐकू येत नसेल तर मात्र एक दिवसही घालवू नका. कॉक्लिअर इम्प्लांटसाठी (ऐकू यावं म्हणून ऑपरेशन करून कानात बसवायचं यंत्र) केंद्राच्या एडिप योजनेत, म्हणजे दिव्यांगांना साधनं देणाऱ्या योजनेत, ५ वर्षांपर्यंतच्या मुलांचाच विचार होतो, आणि मेंदूसुद्धा सरकारसारखा तारखा वाढवून देत नाही. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, तिथे तपासणीपासून सगळं होतं.

अर्ज कुठे करायचा? सिव्हिलला जाऊन फॉर्म घ्यायचा का?

फॉर्म आता ऑनलाइन आहे, स्वावलंबन पोर्टलवर. मुलाचं आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि उपचाराचे कागद स्कॅन करून टाकायचे, हॉस्पिटल निवडायचं, मग तपासणीची तारीख येते. अर्जाची फी नाही. पास झालं की १८ अंकी-अक्षरी यूडीआयडी नंबर मिळतो आणि तोच पुढे सगळीकडे चालतो. एसएडीएमचं, म्हणजे राज्याच्या आधीच्या संगणक प्रणालीतलं, जुनं सर्टिफिकेट असेल तर पोर्टलवर जुना सर्टिफिकेटधारक म्हणून अर्ज टाकायचा.

आता आपल्या भागातली गंमत. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, नेरूळ, बेलापूर हे ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल रायगड जिल्ह्यात. लोक सगळ्यालाच नवी मुंबई म्हणतात, पोर्टलला ते चालत नाही, ते आधारवरचा जिल्हा बघतं. खारघरवाल्याचं सिव्हिल अलिबागला, हे तिथे नव्याने राहायला आलेल्यांना ऐकून धक्काच बसतो. घाबरू नका, पनवेलचं उपजिल्हा रुग्णालय आहे आणि यादीत कोणती हॉस्पिटलं दिसतात त्यातून सोयीचं निवडायचं. आधारवर गावचा पत्ता असेल, सातारा, जळगाव, काहीही, तर आधी पत्ता बदलून घ्या, मग अर्ज करा.

ठाण्यात राहत असाल तर अजून एक. टेंभी नाक्याजवळचं जुनं सिव्हिल नवीन बांधकामासाठी २०२३ मध्ये तिथून हलवलं आणि मनोरुग्णालयाच्या आवारात नेलं. रिक्षावाल्याला "सिव्हिल" एवढंच सांगू नका, तारखेच्या मेसेजमध्ये जो पत्ता आहे तो दाखवा.

किती दिवसात मिळतं?

२०२४ च्या सुधारित नियमांत तीन महिन्यांची मुदत आहे. तुम्ही तपासणीला गेलाच नाहीत आणि अर्ज दोन वर्षं तसाच पडून राहिला तर तो रद्द धरतात, नव्याने करावा लागतो.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांना काय सांगायचं?

आपण आईबाप मुलाचं कौतुक करायला इतके सरावलेले असतो की डॉक्टरांनी विचारलं "जेवतो का हाताने?" की आपण फटकन "हो" म्हणतो. खरं काय असतं, तर ताट समोर ठेवलं, भात कालवून दिला, घास करून दिला तर तो तोंडात घालतो. हे सगळं वाक्य सांगायचं, "हो" नाही. शू-शी सांगतो का, रात्री किती वेळा उठावं लागतं, जिना चढताना कोण धरतं, रस्त्यावर हात सोडला तर पळतो का, अनोळखी माणसाला त्याचं बोलणं कळतं का, त्याच्या वयाची शेजारची मुलं काय करतात आणि हा काय करत नाही. आदल्या रात्री सकाळपासून झोपेपर्यंतचा एक दिवस कागदावर लिहून काढा, कोणत्या कामाला किती मदत लागते तेवढंच, आणि तो कागद फाईलच्या सगळ्यात वर लावा. डॉक्टरांसमोर रांग असते, दहा वर्षांच्या एमआरआयची पानं उलटायला त्यांना वेळ नसतो पण एक पान वाचतात.

वाढवूनही सांगू नका. खोटं सांगितलेलं टेस्टमध्ये दिसतं, आणि खोट्या माहितीवर लाभ घेतला तर कायद्यात शिक्षा आहे.

आणि नेमकं तिथेच मूल शहाण्यासारखं वागलं तर?

वागतंच! घरी भिंती चढणारं पोरगं तिथे हाताची घडी घालून बसतं. फोनमध्ये दोन-तीन छोटे व्हिडिओ ठेवा, जेवतानाचा, चालतानाचा, चिडल्यावरचा. शाळेचं किंवा बालवाडीच्या बाईंचं पत्र न्या, थेरपिस्टचा अलीकडचा रिपोर्ट न्या. उलटही होतं, रांगेत तीन तास थांबून मूल इतकं रडवेलं होतं की टेस्टच होत नाही, मग पुढची तारीख. डबा, पाणी, आवडतं खेळणं, डायपर आणि सोबत अजून एक मोठं माणूस, एवढं न्यायचंच. फिट्सचं औषध वेळेवर द्यायचं, "तपासणी आहे म्हणून आज देत नाही" असला प्रकार करू नका.

टक्के कमी लागले किंवा अर्ज नाकारला तर?

नाकारलं तर कारण लेखी द्यावं लागतं, ते मागून घ्या. निर्णयाच्या तारखेपासून ९० दिवसांत अपील करता येतं. पण त्याआधी कारण नीट वाचा. पुष्कळदा एखादी टेस्टच झालेली नसते, बेरा (कानाची तपासणी) झाली पण डोळ्यांची तपासणी नाही, किंवा सीपीचे फक्त पाय मोजले आणि बोलणं-समज मोजलीच नाही. अशा वेळी राहिलेली तपासणी करून घेण्यासाठी अर्ज दिला की काम लवकर होतं, कारण बहुदिव्यांग म्हणून आकडा बदलतो. एका ठिकाणी आम्हाला "एवढी बोलते की पोरगी, कशाला हवंय" असं सुनावलं होतं. उत्तर न देता मी लेखी मागितलं, आवाज लगेच खाली आला.

अभ्यासात मागे आहे, डिस्लेक्सिया असेल म्हणतात. त्याचं काय?

लर्निंग डिसॅबिलिटीचं सर्टिफिकेट ८ वर्षांच्या आधी देत नाहीत, मग १४ आणि १८ ला पुन्हा. टेस्टिंग लांबलचक असतं. सायन हॉस्पिटलचं एलडी क्लिनिक जुनं आणि माहितीतलं आहे, गर्दीही तशीच. फायदा मुख्यतः परीक्षेत: तासाला किमान २० मिनिटं जास्त वेळ, लेखनिक आणि विषयांच्या काही सवलती. दहावीच्या फॉर्मच्या वेळी धावपळ करणाऱ्यांनो, सातवी-आठवीतच सुरू करा.

दर महिन्याला पैसे मिळतात का?

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत मिळतात. दिव्यांग लाभार्थ्यांची रक्कम २०२५ मध्ये महिना १५०० वरून २५०० रुपये केली. अडचण उत्पन्नाची: दिव्यांगांसाठी कुटुंबाची मर्यादा वर्षाला ५० हजार रुपये. आता ठाण्यात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या आणि घरकाम करणाऱ्या बाईचंसुद्धा उत्पन्न त्याच्या वर जातं, महिन्याला चार हजार दोनशेत इथे कोण जगतं सांगा. तरी ज्यांचं बसतं, एकट्या आया, वडील अंथरुणाला खिळलेले, त्यांनी तहसील कार्यालयातल्या संजय गांधी शाखेत जरूर जावं. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो, तो आपले सरकार पोर्टल किंवा सेतूतून काढायचा.

दुसरा मार्ग महापालिका. पालिकांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. त्यातून ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही महापालिकांच्या समाजविकास विभागाच्या योजना निघतात, त्यांच्या अटी आणि तारखा दरवर्षी बदलतात आणि जाहिरात येऊन गेलेली कळतही नाही. पालिकेच्या हद्दीत राहत असल्याचा पुरावा मागतात, भाडेकरूंनी रजिस्टर्ड करार जपून ठेवावा. वाशीला नवी मुंबई पालिकेचं दिव्यांग मुलांसाठीचं ईटीसी केंद्र आहे, ठाण्यात पालिकेची जिद्द ही विशेष मुलांची शाळा आहे, तिथल्या पालकांच्या ग्रुपवर या जाहिराती सगळ्यात आधी येतात.

निरामय विमा काय आहे? खरंच चालतो?

चालतो, आणि ज्यांना बसतो त्यांनी घेतलाच पाहिजे. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची योजना आहे, फक्त चार प्रकारांसाठी: ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांग. वर्षाला १ लाखाचं कव्हर, आधीचा आजार म्हणून नकार नाही, मेडिकल टेस्ट नाही, वयाची अट नाही. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ओपीडी आणि थेरपीचे पैसेही यात आहेत, जे बाकी कुठली कंपनी सहसा देत नाही. नोंदणीची फी दारिद्र्यरेषेखाली २५० आणि वरच्यांना ५००, मग नूतनीकरण अजून स्वस्त. राष्ट्रीय न्यासाकडे नोंदलेल्या संस्थेमार्फत अर्ज जातो. प्रत्येक खर्चाची आतली मर्यादा वेगळी असते, म्हणजे सगळा लाख थेरपीवर घालवता येत नाही. आणि कॅशलेस नाही, आधी खिशातून भरायचे, मग बिलं पाठवायची. थेरपिस्टकडून साध्या चिठ्ठीवर नाही, नाव-तारीख-शिक्क्याचं बिल घ्या, नाहीतर क्लेम परत येतो.

नोकरी करतो, आमचं उत्पन्न जास्त आहे, आम्हाला काहीच नाही ना?

चुकीची समजूत. पगारदारांना फायदा टॅक्समध्ये आहे आणि तिथे उत्पन्नाची मर्यादा नाही. कलम ८०डीडी म्हणून सगळे ओळखतात ते: मुलाचं दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर ७५ हजार, ८० टक्के किंवा जास्त असेल तर १ लाख २५ हजार वजावट. खर्च किती झाला याची बिलं लागत नाहीत, रक्कम ठरलेली आहे. ऑटिझम, सीपी आणि बहुदिव्यांगांसाठी १०-आयए नावाचा वेगळा फॉर्म डॉक्टरांकडून भरून घ्यावा लागतो. पण हे जुन्या टॅक्स रिजीममध्येच मिळतं, त्यामुळे दोन्हीकडून हिशोब करून बघा. यादीबाहेरच्या आजारवाल्यांनो, कॅन्सर आणि किडनी निकामी होणं यांच्या उपचारखर्चाला ८०डीडीबीमध्ये ४० हजारांपर्यंत वजावट आहे, तिथे दिव्यांग सर्टिफिकेटची गरज नाही.

आणि एक छोटं, जे एचआरलाही माहीत नसतं. महाराष्ट्रात बौद्धिक दिव्यांग मुलाच्या आणि कायमस्वरूपी शारीरिक दिव्यांग मुलाच्या पालकांना प्रोफेशनल टॅक्स माफ आहे. वर्षाचे २५०० रुपये. सर्टिफिकेटची कॉपी जोडून पगार विभागाला एक अर्ज द्यायचा.

केंद्र सरकारी कर्मचारी असाल तर आईला बालसंगोपन रजा नोकरीभरात ७३० दिवस आहे आणि दिव्यांग मुलासाठी वयाची अट नाही. दिव्यांग मुलाची काळजी घेणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्याला नेहमीच्या बदलीतून सूट मागता येते, २०१४ चा आदेश आहे. कमावू न शकणाऱ्या मुलाला फॅमिली पेन्शन आयुष्यभर मिळू शकते, त्यासाठी मुलाचं नाव आणि दिव्यांगत्व तुमच्या सेवा पुस्तकात आत्ताच नोंदवून घ्या.

शाळा प्रवेश देत नाही म्हणते, आमच्याकडे स्पेशल टीचर नाहीत म्हणते.

असं म्हणून नाकारता येत नाही. लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क कायद्यात आहे. खाजगी शाळेतल्या आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के जागांत दिव्यांग मूल वंचित घटकात येतं आणि त्याला उत्पन्नाचा दाखला लागत नाही, ४० टक्क्यांचं सर्टिफिकेट पुरतं. मोठ्या सोसायट्यांमध्ये राहणाऱ्या लोकांना हे पटतच नाही, "आरटीई म्हणजे गरिबांचं" म्हणतात. प्रवेश फक्त सुरुवातीच्या वर्गात होतो, म्हणून सर्टिफिकेट त्याच्या आधी हातात हवं. नववी-दहावीसाठी केंद्राची प्री-मॅट्रिक स्कॉलरशिप आहे, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांपर्यंत. समग्र शिक्षा या सरकारच्या शालेय शिक्षण योजनेत मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता आणि मुलींना वेगळा भत्ता असतो, शाळेच्या मुख्याध्यापकांमार्फत मागायचा. मूल शाळेत जाऊच शकत नसेल तर घरी येऊन शिकवण्याची सोयही त्यातच आहे.

लोकल, एसटी?

एसटीत ४० टक्क्यांच्या वर ७५ टक्के सवलत, आणि ६५ टक्क्यांच्या वर असेल तर सोबतच्यालाही ५० टक्के. रेल्वेत जे मूल सोबत कोणी असल्याशिवाय प्रवास करू शकत नाही, हातापायाचं किंवा बौद्धिक दिव्यांगत्व, त्याला आणि सोबतच्याला स्लीपर, थर्ड एसीत ७५ टक्के. पण रेल्वेला यूडीआयडी कार्डाच्या जोडीला त्यांच्या नमुन्यातलं सवलत प्रमाणपत्र सरकारी डॉक्टरांच्या सहीने लागतं, ते तपासणीच्या दिवशीच भरून घ्या, परत त्याच रांगेत उभं राहायला नको. थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि कॅन्सरच्या मुलांना उपचारासाठीच्या प्रवासात वेगळी सवलत आहे. लोकलच्या दिव्यांग डब्यात सकाळी साडेआठला ठाण्याला चढून दाखवा मग बोलू.

व्हीलचेअर, श्रवणयंत्र, कॅलिपर?

एडिप योजना. महिन्याचं उत्पन्न २२,५०० पर्यंत असेल तर पूर्ण मोफत, ३० हजारांपर्यंत अर्धी किंमत. शिबिरात मिळालेली मोठ्या मापाची खुर्ची घेऊन घरी आणू नका, मूल त्यात वाकडं बसून पाठ अजून बिघडते. माप घेणार का ते आधी विचारा. खारघरला बौद्धिक दिव्यांगांच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे, तिथे मुलांचं शिक्षण साहित्य आणि मार्गदर्शन यासाठी विचारणा करता येते.

एजंट पाच हजारात टक्के वाढवून देतो म्हणतोय.

नको. पोर्टलवर सगळं नोंदलेलं राहतं, कार्ड पुन्हा तपासायला कधीही काढू शकतात आणि तेव्हा एजंटचा फोन बंद असतो.

सर्टिफिकेट काढलं तर मुलावर शिक्का बसेल, लग्नाच्या वेळी त्रास होईल, असं सासूबाई म्हणतात.

आमच्याकडेही म्हणाल्या होत्या. कार्ड तुमच्या कपाटात असतं, दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवता. सोसायटीतल्या लोकांना जे दिसायचं ते कार्डाशिवायही दिसतंच. लहानपणी तात्पुरतं काढलं आणि मूल सुधारलं, तर रिन्यू करायचं नाही, संपलं. सासूबाईंना सांगा की एसटीत सोबतच्याचं तिकीट अर्धं होतं, आमच्याकडे त्याने पटकन पटलं.

मूल १८ चं झाल्यावर?

कायद्याने ते सज्ञान होतं, मग बँकेत त्याच्या वतीने सही करायचा तुमचा हक्क आपोआप राहत नाही. निरामयमधले जे चार प्रकार सांगितले त्यांच्यासाठी राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली कायदेशीर पालकत्व घ्यायचं, अर्ज जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेल्या स्थानिक स्तर समितीकडे जातो. आईबाप असले तरी हे करावंच लागतं. १८ व्या वाढदिवसाच्या आधी कागद तयार ठेवा: यूडीआयडी, आधार, जन्माचा दाखला, दोघांचे फोटो.

फाईलमध्ये काय काय ठेवायचं?

जन्माचा दाखला, जन्मावेळचं डिस्चार्ज कार्ड (यावर बरंच अवलंबून असतं, रद्दीत घालू नका), मुलाचं आधार, रेशनकार्ड, पत्त्याचा पुरावा, उत्पन्नाचा आणि डोमिसाईल दाखला, सगळ्या टेस्टचे मूळ रिपोर्ट, थेरपीचे अलीकडचे रिपोर्ट, मुलाच्या नावाचं बँक खातं आणि पासपोर्ट फोटो, फोटो जरा जास्तच. मुलाच्या आणि वडिलांच्या नावाचं स्पेलिंग जन्मदाखल्यावर, आधारवर आणि बँकेत अक्षरन् अक्षर सारखं आहे का ते आधी बघा. आधारचं ५ आणि १५ वर्षांचं बायोमेट्रिक अपडेट राहिलं असेल तर ते पहिल्यांदा करा, कारण ते नसलं की बाकी सगळे अर्ज मध्येच अडकतात. मूळ कागद कोणाकडेही जमा करायचे नाहीत, दाखवायचे आणि परत घ्यायचे. जिथे अर्ज द्याल तिथे आपल्या कॉपीवर पोच शिक्का आणि तारीख घ्या.